कपाटाला कला म्हणावं का?

पत्र : मी परभणीत एका पतसंस्थेत नोकरी करते. तीन वर्षांपासून जुन्या वस्तू घेण्याचा नाद लागलाय. गंगाखेडकडच्या एका वाड्यातून आरशाचं शिसवी कपाट घेतलं. जालन्याहून वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची आणली. एक बिदरी पानदान आणि जरी-टिकल्या लावलेली रविवर्म्याची लक्ष्मी फ्रेमसकट मिळाली. माझे चुलत सासरे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात, "हा संसाराचा पसारा आहे, याला कला म्हणत नाहीत. पैसे घालायचेच तर एखादं चांगलं चित्र घे." यजमान म्हणतात, घराचं गोदाम झालं. आता जुन्या सामानाचा एक व्यापारी पाडायला काढलेल्या वाड्याचा कोरीव दरवाजा चौकटीसह देतो म्हणतोय, आणि हळूच एका दगडी मूर्तीबद्दलही विचारून गेलाय. मी कला गोळा करतेय की पसारा? काय घ्यावं, काय टाळावं?
— एक वाचक, परभणी

ताई,

मूर्तीचं आधी सांगते, कारण बाकी सगळ्याला सवड आहे. ती घेऊ नका. बघायलाही जाऊ नका, आणि "फोटो तरी पाठवा" असंही त्या माणसाला म्हणू नका. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुनी दगडाची, धातूची, भाजक्या मातीची, हस्तिदंताची किंवा लाकडाची मूर्ती घरात असेल तर तिची सरकारदरबारी नोंद असावी लागते, आणि मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. "शेतात नांगराला लागली" असं तो म्हणाला तर १८७८ चा कायदा आहे : जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.

कायदा बाजूला ठेवला तरी मला दुसरी गोष्ट जास्त लागते. आपल्या मराठवाड्यात गावोगावी पडक्या बारवा आहेत, हेमाडपंती देवळं आहेत, पारावर ओळीनं मांडलेले भंगलेले देव आहेत. त्यांच्यावर राखण कुणाची नसते. हळू आवाजात विकायला येणारी मूर्ती अशाच एखाद्या पारावरून उठलेली असू शकते, आणि तुम्ही पैसे मोजले की दुसऱ्या पारावरची मूर्ती उठायची सोय होते. मूर्तींची ओढ असेल तर धाराशिव जिल्ह्यात तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या परिसरात सापडलेल्या सातवाहन काळच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि त्यांतून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आज तिथे त्यांच्या नावानं आहे. मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंताची ती प्रसिद्ध स्त्रीमूर्ती, सगळं तेरचं तेरमध्येच बघायला मिळतं. गोळा करणं म्हणजे काय, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आता काकांचं, म्हणजे तुमच्या चुलत सासऱ्यांचं म्हणणं. ते मी हलकं धरत नाही. त्यांनी जे शिकलं तेच तुम्हाला सांगितलं. ललित कला, म्हणजे फाइन आर्ट, ही बघण्यासाठी, अनुभवण्यासाठी असते. तिला दुसरं काम नसतं. चित्र भिंतीवर टांगलं की त्याचं काम तेवढंच. डेकोरेटिव्ह आर्ट, म्हणजे शोभेची कला, ही उपयोगाच्या वस्तूत उतरलेली असते : कपाट, भांडं, गालिचा, पडदा, समई. दोन्हींत हात लागतो, नजर लागते. पण पहिलीत कलावंताचं नाव मोठं, दुसरीत वस्तूचं काम मोठं. एवढा भेद आहे, आणि तो खोटा नाही.

फक्त तो अनादि नाही. युरोपातही एके काळी चित्रकार आणि सोनार दोघेही कारागीरच मानले जात. १७४६ मध्ये शार्ल बात्यो नावाच्या फ्रेंच लेखकानं संगीत, काव्य, चित्र, शिल्प आणि नृत्य असा एक वेगळा गट बांधला आणि हातकामाच्या विद्या त्याच्या बाहेर ठेवल्या. ती विभागणी पुढे युरोपभर रुळली, आणि इंग्रजी अमलात शाळा-कॉलेजांतून आपल्याकडे आली. आपल्या जुन्या चौसष्ट कलांच्या यादीत मात्र गाणं, वाजवणं, नाचणं आणि चित्र काढणं यांच्याच पंगतीला सुतारकाम बसलंय, शय्या रचणं बसलंय, वेतानं बैठक विणणंसुद्धा बसलंय. तुमच्या जालन्याच्या खुर्चीला त्या यादीत हक्काची जागा आहे, हे काकांना जरूर सांगा. त्यांना वाईट वाटणार नाही, आवडेलच.

आणि त्यांना एकदा अजंठ्याला घेऊन जा. गेले असतीलच, पण या वेळी वर बघायला घेऊन जा. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर थांबतात आणि मग पुढच्या लेण्याकडे वळतात. छताकडे फार थोडे बघतात. तिथे चौकटी-चौकटींत कमळं आहेत, हंस आहेत, फळं आहेत, एक गुलाबी हत्ती आहे. पद्मपाणी ललित आणि छत शोभेचं, असं म्हणायचं झालं तर एकाच खोलीत रेघ ओढावी लागेल. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी नेऊन अजंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या, तेव्हा छताच्या चौकटीही मन लावून उतरवून घेतल्या. आज पैठणीच्या पदरावर जे अजंठा कमळ विणतात, ते त्याच नजरेचं देणं आहे.

माझं स्वतःचं मत असं, की हा भेद किंमत ठरवण्यासाठी वापरू नये, प्रश्न विचारण्यासाठी वापरावा. चित्रासमोर आपण विचारतो : हे कुणाचं, त्याला काय दिसलं, असं दुसरं आहे का? कपाटासमोर विचारायचं : लाकूड कुठलं, सांधा कसा, कोण वापरायचं, कुठे झिजलं, नंतर कुणी काय बदललं? चित्राचे प्रश्न कपाटाला लावले की कपाट गरीब दिसतं. कपाटाचे प्रश्न त्याला लावले की ते बोलायला लागतं.

तुमच्याजवळ असलेल्या वस्तूंपैकी पानदानाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते आपल्या शेजारचं आहे. उदगीरहून पुढे गेलं की बीदर. बिदरी म्हणजे चांदीचं भांडं नव्हे, आणि लोखंडाचंही नव्हे. ती ओतीव वस्तू असते. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं, असं तिचं प्रमाण सांगतात. मातीच्या साच्यात ओतून, घासून गुळगुळीत केल्यावर तिच्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात, म्हणजे अंग तात्पुरतं काळं पडतं आणि त्यावर टोकदार सळईनं काढलेली नक्षी नीट दिसते. मग ती नक्षी छिन्नीनं खोदायची, त्या बारीक चरांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि सगळं पुन्हा सपाट घासायचं. इथपर्यंत वस्तू राखाडी दिसते, चांदी उठूनही दिसत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम वस्तूला चोळतात. जस्ताचं अंग कायमचं काळं होतं, चांदीला त्याचं काहीच होत नाही. जी माती ऊन-पावसापासून वर्षानुवर्षं झाकलेली राहिली तीच चालते, असं कारागीर सांगतात, आणि काही जण ती जिभेवर ठेवून पारखतात. हे काम छत्रपती संभाजीनगरातही चालतं. एकदा बसून बघा. त्यानंतर पानदानाला "पसारा" म्हणायला काकांचीही जीभ रेटणार नाही.

तुमचं पानदान खरं आहे का, हे असं तपासा. लोहचुंबक लावा, चिकटता कामा नये. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. डोळे मिटून नक्षीवरून बोट फिरवा, चांदी आणि काळं अंग यांच्या सांध्यावर बोट अडखळायला नको. रंग मारलेल्या नकलेत पत्र्याची कड लागते, आणि नखानं खरवडलं की काळं निघतं. चिंच, राख, पितांबरी किंवा कुठलंही चकाकी आणणारं मलम तिला लावू नका. घासघास घासलं की काळेपण विरतं. मऊ फडक्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन पुसलं की पुरतं. आणि पडू देऊ नका, जस्ताच्या वस्तूला पितळेसारखा पोचा येत नाही, तडा जातो.

रविवर्म्याच्या लक्ष्मीपाशी काकांची विभागणी खरी अडचणीत येते. राजा रविवर्म्यांचं मूळ तैलचित्र ललित कलेत अगदी वरच्या पायरीवर. देशानं त्यांची चित्रं बहुमूल्य कलाकृती म्हणून जाहीर केली आहेत. ती देशाबाहेर विकता येत नाहीत. पण त्याच माणसानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. एकेका रंगासाठी एकेक दगड, अशा कित्येक दगडांवरून एकाच कागदावर छपाई व्हायची. मग कुणीतरी ते चित्र घरी आणलं आणि लक्ष्मीच्या साडीवर खरी जर शिवली, टिकल्या लावल्या. तुमच्या फ्रेममधली ती सुई कुणाची होती? गावाकडची कुणी सून, कुणी लेक. तिचं नाव कुठेही नाही. छापील लक्ष्मी हजारो घरांत होती, पण तुमच्या भिंतीवरची लक्ष्मी जगात एकच आहे, आणि ती त्या बाईमुळे एकच आहे. मला विचाराल तर तुमच्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू तीच. बाजारभावाचं मी बोलत नाही.

तिची पारख सोपी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतलं साधं भिंग आणा. दगडावरच्या जुन्या छपाईत रंगाचे कण ओबडधोबड, कमी-जास्त आकाराचे दिसतात. नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. कागदाच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का बघा. फ्रेमच्या पट्टीखाली ते झाकलेलं असतं. मळवलीचं नाव निघालं तर वस्तू सुमारे १९०० च्या पुढची. फ्रेम उघडायची असेल तर स्वतः उघडू नका. साडीवरची जर काचेला चिकटलेली असते.

खुर्चीचं थोडक्यात. अशा वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मूळच्या व्हिएन्नाच्या. मिखाएल थोनेट यांनी बीच झाडाच्या काठ्या वाफेवर वाकवून १८५९ मध्ये जो नमुना काढला, त्यात लाकडाचे फक्त सहा तुकडे आणि दहा स्क्रू होते. सुट्या करून छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात बसायच्या, म्हणून त्या जहाजानं जगभर गेल्या. १९०० च्या आसपास निजामाच्या राज्यातून मनमाडची रेल्वे सुरू झाली, आणि मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला जालना, परभणी, नांदेडची वाट मोकळी झाली. बैठकीच्या कडीच्या आतल्या बाजूला छाप किंवा कागदी लेबल आहे का ते उलटी करून पाहा. इतर कारखान्यांनी आणि नंतर इथल्या लोकांनीही नकला खूप केल्या. नक्कल असली तरी खुर्ची चांगली असू शकते. त्या मूळ नमुन्याची खुर्ची आज मोठमोठ्या संग्रहालयांत चित्रांच्या शेजारी ठेवतात. वेताची वीण फाटली असेल तर प्लायवूड ठोकू नका. वेत विणणारे अजून मिळतात, त्यांच्याकडून विणून घ्या.

कपाटासाठी मला माझ्या वडिलांची आठवण काढावी लागेल. आण्णा सुतार होते. कुणाच्या घरी गेले की कपाटाच्या दर्शनी बाजूकडे ते बघतच नसत. खण बाहेर ओढायचे, उलटा करायचे आणि तळाच्या फळीवरून बोटं फिरवायचे. "तोंड सगळेच धुतात, पाठ कोण धुतं?" असं म्हणायचे. पाठीवर, तळाला, खणाच्या मागच्या बाजूला कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळे तिथे खरं कळतं. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या. रंधा हातानं मारला असेल तर बोटाला हलकी लाट लागते. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवणारे डोव्हटेलचे दात हातानं काढले असतील तर एकासारखा दुसरा नसतो. चौफुलीच्या डोक्याचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आला, तेव्हा तो "दोनशे वर्षं जुन्या" कपाटात सापडला तर एक तर नंतरची दुरुस्ती आहे, नाहीतर गोष्ट रचलेली आहे. झीज कुठे आहे ते बघा. खण ओढताना जिथे अंगठा टेकतो, जिथे सून रोज फडकं मारते, जिथे पाय लागतो, तिथेच ती असली पाहिजे. सगळीकडे सारखी झीज म्हणजे ती मुद्दाम केलेली. गोल टेबल कधी घेतलंत तर दोन्ही दिशांनी मोजा. जुनं लाकूड रेषांना आडवं आकसतं, त्यामुळे शंभर वर्षांचं गोल टेबल नेमकं गोल राहत नाही.

शिसव म्हणून विकलेलं बरंचसं लाकूड काळा रंग दिलेला साग असतो. ते वाईट नाही. किनवटच्या जंगलातला साग उत्तम. फक्त शिसवीच्या भावानं घेऊ नका. तळाला न रंगवलेली जागा सापडेल, तिथे लाकडाचा स्वतःचा रंग दिसेल. आरशावर डाग पडले असतील तर काच बदलू नका.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे ते.

पंचवीस वर्षांपूर्वी मी अंबाजोगाईकडून एक पेटारा आणला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला होता, शाईनं मोडीत काही ओळी आणि शेवटी एक साल. मला मोडी येत नव्हती. कुणाकडून तरी वाचून घेऊ म्हणून ठेवलं, आणि तेवढ्यात पॉलिशला दिला. आठ दिवसांनी पेटारा आरशासारखा चकचकीत होऊन आला. आतला कागद पॉलिशवाल्यानं खरवडून काढला होता. त्याची चूक नव्हती, मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो पेटारा कुणाचा, कुठल्या लग्नात आला, त्यात काय ठेवायचे, हे सगळं त्या कागदाबरोबर गेलं. पेटारा अजून माझ्याकडे आहे. देखणा आहे, पण मुका आहे. कुणी विचारलं की मी फक्त "सागाचा आहे" एवढंच सांगू शकते.

चित्रकार सही करतो. सुतार, तांबट, विणकर सही करत नव्हते. म्हणून चित्राचा इतिहास त्याच्या कोपऱ्यात असतो आणि कपाटाचा इतिहास माणसांच्या तोंडी असतो. ती माणसं गेली की तो गेला. ललित आणि शोभेच्या कलेतला मला जाणवणारा सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि तो भरून काढणं गोळा करणाऱ्याच्या हातात आहे. वस्तू घेताना तिची हकीकतही घ्या. व्यापारी गाव सांगणार नाही, तरी विचारा. शक्य असेल तिथे त्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला. हे कपाट ढाळजेत होतं की माजघरात? आरशात कोण बघायचं? किल्ली कुणाच्या कमरेला असायची?

भांड्यांवरची नावं तर वाचतच जा. घंगाळ, परात, हंडा घेताना काठावर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव असतं : कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुठल्या साली. दुकानदार पितळ चकाकावं म्हणून ते घासतात. तुम्ही मुद्दाम नावाचंच भांडं मागा. आपल्याकडच्या जुन्या भांड्यांवर आणि कागदांवर साल कधी शक असतो, कधी फसली, म्हणजे महसुली वर्ष. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. निजामाच्या राज्यातल्या फसली सालात साधारण ५९० मिळवायचे. १३५७ फसली दिसलं तर ते १९४७-४८, म्हणजे हैदराबाद मुक्त होण्याच्या ऐन धामधुमीतलं वर्ष. तेव्हा कुणाच्या तरी घरी लग्न झालं होतं आणि मामानं परात दिली होती. एवढं एका काठावर वाचता येतं.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं नसेल तर पाहा. दिनकर गंगाधर केळकरांनी मुलाच्या आठवणीत उभं केलेलं ते संग्रहालय दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी यांनी भरलंय. त्यांनी हा पसारा जमवला नसता तर आपल्या आजीचा अडकित्ता कसा होता हे सांगायला कुणी उरलं नसतं. दुसरी बाजू बघायची तर हैदराबादचं सालारजंग. तिथे संगमरवरी पुतळे आणि बिदरी हुक्के एकाच छताखाली आहेत, एकाच घराण्याच्या हौसेनं आणलेले.

तुमच्यासाठी माझी एक विनंती आहे, आणि ती काकांना सामील करून घेण्याची आहे. एक जाड वही करा. प्रत्येक वस्तूला दोन पानं. एका पानावर तुम्ही लिहा : कुठून आली, कुणाकडून, किती रुपयांना, कुणी काय सांगितलं, त्यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलं. दुसऱ्या पानावर काकांना ती वस्तू मापासकट काढायला सांगा. चित्रकलेच्या शिक्षकानं एकदा कपाटाच्या माथ्यावरची वेलबुट्टी पेन्सिलनं काढली, की ती कोरणाऱ्याचा हात कुठे वळला, कुठे घाई झाली, कुठे चुकलेली पाकळी सावरून घेतली, हे त्याला दिसल्याशिवाय राहणार नाही. मला खात्री आहे, त्यानंतर ते तुमच्याशी वेगळ्या विषयावर वाद घालतील.

यजमानांचंही थोडं ऐका. घर जगायला असतं. जी वस्तू वापरता येत नाही, नीट ठेवता येत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी सोडा. आणि पैसे गुंतवायचे म्हणून हे करत असाल तर थांबा. मोठ्या जुन्या फर्निचरला आजच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळत नाही. वर्षातून एकच घ्या. ज्याच्यासाठी दोन महिने पैसे साठवावे लागले, ते नीट बघून घेतलं जातं. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून द्यायचा विचार मात्र मनातून काढा. शंभर वर्षांवरचं कपाटही कायद्यानं पुरावस्तूच ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंताची मूठ, डबी, फासे विकायला आले तर वन्यजीव कायदा आहे, नाही म्हणा.

ठेवण्याचं एवढंच. आपल्याकडचा उन्हाळा लाकडाचा वैरी आहे, पण त्याहून मोठा वैरी कूलर. एप्रिल-मेमध्ये कूलरचा ओला झोत कपाटावर थेट आला की एक बाजू फुगते, दुसरी सुकते, फळी पीळ खाते. कपाट झोतातून आणि खिडकीच्या उन्हातून हलवा, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. बारीक गोल भोकं दिसली तर खाली काळा कागद अंथरून आठ दिवस ठेवा. ताजी पिवळी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, लगेच उपाय करा. नाही पडली तर भोकं जुनी आहेत, राहू द्या. पॉलिश पुन्हा करायचा मोह आला तर आधी लपलेल्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक थेंब लावा. जागा चिकट झाली तर जुनं लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे, ते खरवडून वर नवीन चकचकीत थर देऊ नका.

राहिला दरवाजा. हा मला तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न वाटला. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ मध्ये, दगड-मातीचे किती वाडे एका पहाटेत कोसळले हे आपण पाहिलंय; जुन्या घरात राहायला लोक भितात, त्यांना दोष देता येत नाही. पण उभ्या वाड्याचा दरवाजा गिऱ्हाईक मिळालं म्हणून निघणार असेल, तर तुम्ही ते गिऱ्हाईक होऊ नका. पैसे देण्याआधी स्वतः त्या गावी जा. वाडा खरंच पडतोय का, विकणारा खरंच मालक आहे का, भाऊबंदकीत वाद आहे का, हे बघा. पडत असेल तर दरवाजा जागेवर असतानाच फोटो काढा : बाहेरून, आतून, कडी-कोयंडा, उंबरा, वरची गणेशपट्टी, शेजारची भिंत. चौकटीच्या आतल्या अंगावर खडूच्या किंवा कोरलेल्या खुणा असतील, सुतारानं कुठला तुकडा कुठे बसवायचा म्हणून केलेल्या. त्या पुसू देऊ नका. काढताना पहारीनं उचकटू देऊ नका. गावातला जुना सुतार सोबत घ्या, खुंट्या ठोकून बाहेर काढता येतात. घर मालकाकडून साध्या कागदावर लिहून घ्या, कुणाच्या वाड्याचा, कुणी दिला, किती रुपयांना. आणि तुमच्या घरात तो दरवाजा दरवाजा म्हणूनच लागणार असेल तरच घ्या. काच टाकून त्याचा टीपॉय करायचा असेल तर त्याला पावसात पडू दिलेलं बरं.

गावी जाऊन आल्यावर मला कळवा. आणि कपाटाचा फोटो पाठवणार असाल तर समोरून नको. सगळ्यात खालचा खण काढा, उलटा करा, उजेडात धरा आणि तळाच्या फळीचा फोटो पाठवा.